झिऱ्यावरची लेकुरवाळी

खर्र. जरा थांबून पुन्हा खर्र.

दुपारच्या शांततेत चुलीजवळचा डालड्याचा डबा आतून कुणीतरी खरवडत होतं. पोळ्याच्या करीचा दिवस. महिनाभर श्रावण पाळून आज घरोघरी मासमच्छी. माझा धाकटा भाऊ बंडू केळझरहून सिंदीला आमच्याकडे आला होता आणि जेवून ओसरीवर घोरत होता. माझ्या पाच वर्षांच्या नलूला आठ दिवसांपासून खोकला. "रातच्याले रस्सा करून पाज तिले," म्हणत त्यानं तो डबा माझ्या हाती दिला होता.

मी झाकण काढलं. आत एकच खेकडा होता.

आमच्या लहानपणी करीला टोपलं भरायचं. चौऱ्याहत्तर-पंचाहत्तर साल असेल. माहेरी केळझरला आमची भाजीची वाडी नाल्याला लागून. माय वांग्यांना पाणी सोडून नाल्यात उतरायची आणि कोपरापर्यंत हात बिळात घालायची. गाल चिखलाला टेकलेला, डोळे मिटलेले, जणू आतून कुणी काही सांगतंय आणि ती ऐकतेय. खेकडा बाहेर आला की आधी उलटा करायचा. पोटावरची झडप रुंद असली तर मादी. झडपेखाली अंडी किंवा पिल्लं असली तर ती लेकुरवाळी. तिला टोपल्यात जागा नाही. जिथून काढली त्याच बिळात माय तिला परत ठेवायची. "जाय बाई, घरी जाय."

एकदा मायला दाखवायच्या हौसेनं मी एक मोठा खेकडा न उलटताच टोपल्यात टाकला. घरी आल्यावर पाहते तर सारवलेल्या भुईवर ज्वारीचे दाणे चालताहेत! माय रागावली नाही. ओल्या फडक्यावर तिनं एकेक पिल्लू वेचलं आणि दिवेलागणीच्या आत मला घेऊन नाल्यावर गेली.

"कोनतं बीळ?"

मला आठवेना. मी अंदाजानं एक दाखवलं. मायनं माझ्याकडे पाहिलं आणि पिल्लांसकट मादीला त्याच बिळात सोडलं. माय जाऊन आता तीन वर्षं झाली. ते बीळ मात्र अजून मनातून जात नाही.

हाताच्या सवयीनं मी डब्यातला खेकडा उलटा केला. रुंद झडप जराशी उचललेली. खाली दाण्यासारखी पिल्लं, एकमेकांना बिलगून वळवळणारी.

"बंडू, ऊठ. उलटून नाई पाह्यलं काय तू?"

"काय झालं वं बाई?"

"लेकुरवाळी हाय."

तो डोळे चोळत, हसत उठून बसला. "घाईत राह्यलं. एकच तं सापडली. एसटीत साऱ्या बाया पाय वर घेऊन बसल्या होत्या हिच्यापायी. अन् आता वापस नेऊ?"

"नेजो. नाल्यात सोडजो."

बंडूचं हसू गेलं. "नाल्यात नाई जमत. कपाशीवर फवारा मारला का सारे पंप तिथंच धुतात. मी बी धुतो. मागच्या साली काठाकाठानं पोट वर करून पडले होते खेकडे."

मायचा तो नाला.

"मंग ही कुठची?"

"टेकडीखालच्या झिऱ्याची. तिथं कोनी फवारत नाई."

"तिथंच सोड. त्याच बिळात. ध्यानात हाय ना?"

"हाव. पयसाच्या झाडाच्या मुळापाशी."

त्याला आठवत होतं. माझा जीव भांड्यात पडला. डब्यात गोणपाटाचा ओला तुकडा घालून मी तिला अलगद आत सोडलं.

"अन् रस्सा?"

"अद्रक-मिऱ्याचा काढा देते नलूले."

बोलण्यानं नलू जागी झाली. खोकत, तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल काखेत धरून डब्याशी येऊन बसली. मी तिला झडपेखालची पिल्लं दाखवली. ती कितीतरी वेळ वाकून पाहत राहिली.

"मामा, झिऱ्याचं पानी कुठं जाते?"

"खाली. आपल्या नाल्यात."

बंडूनं डबा उचलला. नलूनं माझा पदर ओढला.

"आई, पिल्लं मोठी झाली अन् खेळत खेळत खाली गेली, तं?"