एकाहत्तर किलोमीटर

गाडीच्या दारावर कोणता आकडा लिहायचा, एवढ्यावरून माझा कारखाना बुडायला आला होता. कारखाना कसला, धुळ्याच्या एमआयडीसीत पत्र्याची एक शेड, मी, वेल्डर प्रशील आणि आम्ही दोघांनी बनवलेली विजेवर चालणारी एक मालवाहू गाडी. भांडवल घालायला नाशिकचे बन्सीलालशेठ तयार होते. त्यांनी हात काढून घेतला, तर जूनअखेर शेड रिकामी करायची होती.

शेठची अट एकच. दारावर ठळक अक्षरांत लिहायचं : 'एका चार्जिंगमध्ये १२० किमी'.

"पण ती एकाहत्तरच जाते," मी म्हटलं.

"आमच्या माणसांनी चालवली तेव्हा एकशेवीस गेली की."

गेली होती ना! डिसेंबरात, रिकामी, सपाट हायवेवर. अशी गाडी आमच्याकडे कोण चालवतो? मे महिन्यात इथे स्टीअरिंगला हात लावायचा तर आधी रुमाल गुंडाळावा लागतो. आणि बोराडीच्या बाजाराच्या दिवशी रस्त्यात बाया हात करतात, त्यांना 'नाही' म्हणणारा ड्रायव्हर शिरपूर तालुक्यात अजून जन्मायचा आहे. म्हणून मी भर दुपारी शिरपूरहून पोती भरून गाडी सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत नेली आणि येताना बाजारच्या बायांना बसवून आणली. तीनदा केलं. तिन्ही वेळा ती एकाहत्तरच्या आसपास थांबली.

"ताई, सगळेच फुगवून लिहितात," शेठ समजुतीने म्हणाले. "एकाहत्तर वाचून गिऱ्हाईक उभं तरी राहील का?"

माझं डोकं फिरलं. माझे बाबा, देवचंद, यावलच्या एसटी आगारात तीस वर्षं मेकॅनिक होते. गाडी रस्त्यात बंद पडली की शिव्या ड्रायव्हरला पडतात, आकडा लिहिणाऱ्याला नाही, हे ते जेवताना चिडून सांगायचे. मी प्रशीलच्या हातातला ब्रश घेतला आणि शेठच्या डोळ्यांदेखत लाल रंगात लिहिलं : 'माल भरून, मे महिन्यात, ७१ किमी'.

"तुम्हाला धंदा कळत नाही," शेठ म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले. त्यांची स्वतःची गाडी डिझेलची होती.

प्रशील बराच वेळ ब्रश धूत राहिला. "ताई, आता शेडचं काय?"

"माहीत नाही," मी म्हटलं. खरंच माहीत नव्हतं, आणि भीती वाटत होती. पण आकडा पुसायला हात उचलेना.

दुसऱ्या दिवशी निंबाआबा आले. शिरपूरला त्यांचं किराण्याचं होलसेल दुकान, माल रोज खेड्याखेड्यांत जातो. गेल्या वर्षी त्यांनी दुसऱ्या कुठल्या कंपनीची गाडी 'एकशेतीस'वर विश्वासून घेतली होती. ती साखरेच्या पोत्यांसकट रस्त्यात बसली आणि ट्रॅक्टरला बांधून घरी आली. अख्खी बाजारपेठ हसली होती. आबांनी चष्मा लावून दार दोनदा वाचलं.

"पोरी, हाई खरं शे का?"

"खरं आहे, आबा. एकाहत्तरच्या आत बंद पडली, तर मी स्वतः येऊन ढकलीन."

"बठ्ठा कंपनीवाला असंच सांगतस."

"बाकीचे एवढा कमी आकडा सांगतात का?" मी फटकन बोलून गेले आणि जीभ चावली. म्हातारा माणूस, त्यात एकुलतं एक गिऱ्हाईक. पण आबांनी किल्ली मागितली. त्यांची रोजची फेरी बासष्ट किलोमीटरची होती. चार दिवस चालवून बघतो म्हणाले.

तिसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला.

"पोरी, तू खोटं बोलनी!"

प्रशीलने वेल्डिंग थांबवलं. "कुठे बंद पडली, आबा?" मी विचारलं.

"बोराडीना रस्तावर. फेरी व्हयनी, तरी मुद्दाम पळाडी मी. बंद पडे तोपर्यंत."

"किती किलोमीटर झाले?"

"चौऱ्याहत्तर! मांगे तीन बाया आनि दोन बकऱ्या." मागून बायांचं हसणं ऐकू येत होतं. "आते ये ढकलाले. आनि दोन गाड्यासना ऑर्डरना कागद लई ये."

डोळे भरून आले ते प्रशीलला दिसू नयेत म्हणून मी पाठ फिरवली. "आबा, मग दारावर चौऱ्याहत्तर लिहू का?"

"काही गरज नही. एकाहत्तरच ऱ्हाऊ दे."

मी कागद पिशवीत घातले आणि ओढणी कमरेला खोचली.

"चार्जिंगची सोय करू की," प्रशील म्हणाला. "ढकलायला कशाला जाता? तुम्ही एकाहत्तरच्या आत बंद पडली तरच ढकलायचं कबूल केलं होतं."

"हो," मी म्हटलं आणि निघाले.