चौघांपुरती घोंगडी

मित्रांनो, मी एक जुनी घोंगडी आहे आणि सध्या एमिल कोलारिकच्या गाडीत मागच्या सीटवर पडून आहे. माझ्या अंगाला तंबाखूचा, भाजलेल्या शेंगांचा आणि थोडा ओल्या कुत्र्याचा वास येतो. कुत्रा जाऊन अकरा वर्षं झाली, वास तेवढा राहिला. नाक मुरडू नका. एके काळी मला विकत घ्यायला बायका रांगेत उभ्या होत्या.

नदीच्या खालच्या अंगाला एक लोकरीची गिरणी होती, तिथे माझा जन्म झाला. मार्लो मिल्स गावच्या शाळेतल्या मुलांच्या आयांनी बँडपथकाला नवे गणवेश शिवायचे ठरवले आणि त्याचे पैसे उभे करायला पन्नास घोंगड्या विणून घेऊन विकल्या. आम्हा सगळ्यांची एक बाजू किरमिजी, कारण तो गावाच्या फुटबॉल संघाचा रंग. तिच्या मधोमध पिवळ्या लोकरीचं, गावाच्या नावाचं भलंमोठं पहिलं अक्षर. दुसऱ्या बाजूला साधं करडं अस्तर, ज्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नसे.

मला इर्माने घेतलं. तिचं एमिलशी नुकतंच लग्न झालं होतं. एमिल पोलाद कारखान्यात भट्टीवर होता, बोलायला फटकळ.

"एवढी मोठी कशाला? चार माणसं बसतील हिच्यावर," तो म्हणाला.

"मग? आपण काय जन्मभर दोघंच राहणार आहोत?" इर्माने विचारलं, आणि तो लाजला. भट्टीसमोर उभा राहणारा माणूस लाजलेला मी तेव्हाच पाहिला.

माझं काम सोपं होतं. आमच्या गावात शुक्रवारी संध्याकाळी सामना असतो. त्या दिवशी सकाळी सहा वाजता मैदानाचं फाटक उघडलं, की लोक कामावर जाता जाता आपापली घोंगडी प्रेक्षकांच्या बसायच्या फळ्यांवर पसरून जागा धरून ठेवतात. माझी जागा नववी रांग, मधली वाट सोडून डावीकडे. दिवसभर मी तिथे एकटी पडून असे. अंगावर मेपलची पानं पडत, खारी येऊन हुंगून जात. पण एमिलची घोंगडी कोणी बोटभरसुद्धा सरकवली नाही. या गावात चोऱ्या झाल्या, भांडणं झाली, एकदा तर पाद्रीबाबांची गाडी पळवली. पण दुसऱ्याची घोंगडी हलवणारा माणूस मार्लोत अजून जन्माला यायचा आहे.

संध्याकाळी दिवे लागत, बँड वाजे, आणि मी भरून जाई. पुढे त्यांना रोझान झाली. ती माझ्यावर रांगली, माझ्यात गुरफटून झोपली, गरम कोको माझ्यावर सांडून तिने आईचा मारही खाल्ला. ज्या वर्षी आम्ही जिल्ह्यात पहिले आलो, त्या वर्षी एमिलने मला डोक्यावर धरून मैदानभर पळवलं. मागच्या रांगेतला बर्नी ओरडला, "अरे, घोंगडीला तरी चक्कर येईल!" मला खरंच आली होती. तसा आनंद पुन्हा मिळाला नाही.

आता नदीच्या पलीकडचं सांगते. पलीकडे ग्रँटन. त्यांचा रंग निळा. पूल ओलांडायला गाडीने चार मिनिटं लागतात, पण एमिल ग्रँटनला दातदुखीसाठीसुद्धा जात नसे. आणि रोझानने लग्न केलं ते नेमकं ग्रँटनच्या मुलाशी. लग्नात एमिल किरमिजी टाय लावून गेला. लोक हसले, जावईसुद्धा हसला. तोवर ती सगळी थट्टाच होती.

थट्टा कुठे थांबवावी हे एमिलला कळलं नाही, आणि हे झालं आठ वर्षांपूर्वीच्या हॅलोविनला. त्या संध्याकाळी पोरं भुतं, चेटकिणी, सांगाडे होऊन दारोदार खाऊ मागत फिरतात. एमिल ओसरीवर झोपाळ्यात बसे, मी त्याच्या मांडीवर, शेजारी कोरलेला भोपळा आणि आत मेणबत्ती. त्याच्या दाराचा एक नियम होता. खाऊ हवा असेल तर आधी ओरडून सांगायचं, कोण जिंकणार? पोरं बेंबीच्या देठापासून ओरडत, "मार्लो!" आणि मूठभर चॉकलेटं घेऊन पळत.

त्या वर्षी रोझान आपल्या लेकीला मुद्दाम आमच्या गल्लीत घेऊन आली. टेसा सहा वर्षांची. तिने ढोलवाल्याचा वेश केला होता, बापाच्या शाळेचा. खांद्यावरून पाठीवर सोडलेली निळी झूल, तिच्यावर आईने शिवलेला पांढरा तारा.

"डेडो!" ती पायऱ्या चढत ओरडली. आजोबांना त्यांच्याकडे डेडो म्हणतात.

"आधी सांग, कोण जिंकणार?"

टेसाने छाती पुढे काढली. "ग्रँटन!"

मागची पोरं खिदळली. एमिलही हसला. मग तो आत गेला, स्वयंपाकघरातून एक कच्चा बटाटा घेऊन आला आणि तिच्या बादलीत टाकला. "ग्रँटनवाल्यांना बटाटा!"

सगळी रांग हसली. टेसाने बादलीत पाहिलं, मग आजोबांकडे पाहिलं. तिला वाटलं असेल, आता चॉकलेट येईल. पण एमिल पुढच्या पोराला हाक मारत होता. तिचा ओठ बाहेर आला. तिने खांद्यावरची झूल ओढून काढली, खाली फेकली आणि रडत पायऱ्या उतरली.

"सहा वर्षांची आहे ती, डॅडी!" रोझान म्हणाली.

"मग सहा वर्षांत चांगलं काही शिकवायचं होतं तिला."

हे वाक्य तो बोलला नसता तर बरं झालं असतं. रोझानने बादलीतला बटाटा काढून कठड्यावर ठेवला आणि ती गेली. एमिल तिच्यामागे जायला उठला, तसा भोपळा कलंडला आणि मेणबत्ती माझ्यावर पडली. तो मला विझवत बसला. तेवढ्यात गाडी निघून गेली. मित्रांनो, मला फार अपराधी वाटतं. मी पेटले नसते तर कदाचित तो पायऱ्या उतरला असता.

बशीएवढं भोक पडलं होतं. इर्माने वरून किरमिजी तुकडा लावला आणि खालून, अस्तराला, त्या निळ्या झुलीचा तुकडा. अर्धा तारा त्यावर तसाच ठेवला. तिचं शिवणकाम वाईट, टाके उंदराने कुरतडल्यासारखे. शिवून झाल्यावर तिने माझ्यावर हात फिरवला आणि म्हणाली, "हा मेला कधी उलटून बघणार नाही."

आणि खरंच, त्याने बघितलं नाही.

त्यानंतर इर्मा दर बुधवारी केस कापायला म्हणून ग्रँटनला जाऊ लागली. थंडीत ती मला गुडघ्यांवर घेई, म्हणून मला ठाऊक आहे. तिचे केस कधी आखूड झाले नाहीत. येताना तिच्या पर्समध्ये टेसाने काढलेली चित्रं असत. एमिल तिच्या डोक्याकडे बघे आणि म्हणे, "छान कापलेत." पुढे काही विचारत नसे. एक शब्द तिकडून, एक इकडून, एवढंच हवं होतं. पण ते भिजत पडलं ते पडलंच.

मग इर्मा आजारी पडली आणि गेली. चार वर्षं झाली. अंत्यविधीला चर्चमध्ये रोझान दुसऱ्या बाजूच्या बाकावर बसली होती आणि टेसा बापाच्या कोटाआड. एमिल घरी आला आणि त्याने कपाटातून मला काढलं. शुक्रवार होता. तो सामन्याला गेला नाही, नुसता मला मांडीवर घेऊन बसला.

पुढच्या शुक्रवारी सकाळी सहाला त्याने मला नवव्या रांगेत पसरलं. पूर्ण, चौघांपुरतं. त्याला वाटलं असतं तर चौघडी करून एकापुरती टाकता आली असती. संध्याकाळी तो एका टोकाला बसला, बाकी तीन जागा रिकाम्या. गच्च गर्दीच्या सामन्यालासुद्धा कोणी म्हणालं नाही, "जरा सरकता का?" मित्रांनो, दिवसभर मैदानात एकटं पडणं मला कधी जड गेलं नाही. पण भरल्या मैदानात अर्धीअधिक रिकामी असणं मला सोसवत नसे. मला धुणंही बंद झालं. पिवळ्या अक्षराची लोकर उसवली. एमिलने दारावरचा नियमही सोडला. हॅलोविनला पोरं येत, तो मुकाट्याने चॉकलेटं वाटे. कोण जिंकणार, हे त्याने पुन्हा कोणाला विचारलं नाही.

यंदा ऑक्टोबरची एकतीस तारीख, म्हणजे हॅलोविन, शुक्रवारी आली. असं झालं की आमच्याकडे मोठी पंचाईत होते. नगरपालिका दवंडी पिटते, की भुतांनी गुरुवारी फिरून घ्यावं, शुक्रवार फुटबॉलचा. त्यातून यंदा सामना ग्रँटनशी. आणि आदल्या आठवड्यात बर्नीने वर्तमानपत्राचं एक कात्रण आणून एमिलच्या हातावर ठेवलं.

"ग्रँटनचं बँडपथक. नावं वाच खाली."

"चष्मा नाही."

"नाकावर आहे, गाढवा."

फोटोत टेसा होती. चौदा वर्षांची, गळ्यात ढोल. एमिलने कात्रण खिशात ठेवलं आणि म्हणाला, "पाऊस येईलसं वाटतं." आभाळ स्वच्छ होतं.

शुक्रवारी सकाळी मी नेहमीसारखी पसरली गेले. संध्याकाळी एमिल जुनी दुर्बीण घेऊन आला. पण हॅलोविन असल्यामुळे पलीकडचं सगळं बँडपथक सोंगं घेऊन आलेलं. ढोलवाले तर सगळेच बुजगावणी, गोणपाटाचे अंगरखे, रंगवलेले चेहरे, बाह्यांतून गवत बाहेर आलेलं. एमिल एकेका बुजगावण्यावर दुर्बीण नेई आणि पुढे सरके. आपली नात त्याला ओळखता येईना. मध्यंतरात पथक मैदानात वाजवून गेलं, तरी कळलं नाही.

तेव्हा तो उठला. त्याने मला गोळा केलं.

"कुठे निघालास?" बर्नीने विचारलं.

"पलीकडे."

"पलीकडे म्हणजे... पलीकडे?"

एमिल रांग उतरला. गोलखांबाच्या मागून, धावपट्टीवरून, सगळ्या गावासमोर तो मला काखेत मारून चालला. "कोलारिक, वाट चुकलास की काय?" कोणीतरी ओरडलं. दुसरं म्हणालं, "म्हातारा फितूर झाला!" थोडं हसणं झालं, मग थांबलं. नववी रांग उघडी दिसत होती. ती उघडी फळी गावाने पहिल्यांदाच पाहिली असेल.

ग्रँटनच्या बाजूला ढोलवाल्यांच्या वर त्याला जागा मिळाली. निळ्या गर्दीत किरमिजी घोंगडी पसरायची कशी? म्हणून त्याने मला उलटं केलं. चाळीस वर्षांहून जास्त काळ मी आभाळाकडे तोंड करून पसरले होते. त्या दिवशी माझं तोंड फळीला लागलं आणि अस्तर वर आलं.

त्याने तो निळा तुकडा पाहिला. अर्धा तारा. उंदराने कुरतडल्यासारखे टाके. त्याने त्यांवर अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला.

"इर्मा," तो म्हणाला, "मेलीस तरी जिंकलीस." आणि तो रडला. आवाज नाही, नुसती टोपी पुढे ओढून.

सामन्याच्या चार डावांपैकी तिसऱ्यात, मध्यंतरानंतर, बँडच्या पोरांना सुट्टी असते, ती काहीतरी खायला पळतात. एक बुजगावणं हातात तळलेल्या बटाट्यांचा पुडा घेऊन वर येत होतं. माझ्यापाशी ते थबकलं.

"हा तारा माझा आहे," बुजगावणं म्हणालं.

एमिलने वर पाहिलं. "मला चॉकलेट द्यायचं होतं. बटाट्यानंतर लगेच देणार होतो. राहिलंच."

"आठ वर्षं राहिलं?"

"हो. चूक माझी होती, पोरी."

टेसा त्याच्याकडे बघत राहिली. रंगवलेल्या चेहऱ्याखाली काय चाललं होतं, मला कळेना. मग तिने पुडा मागे धरला. "आधी सांगा, डेडो. कोण जिंकणार?"

एमिलने समोर पाहिलं. मैदानापलीकडे सगळं मार्लो बसलं होतं. तो पुटपुटला.

"ऐकू नाही आलं."

"ग्रँटन!" एमिल कोलारिक उभा राहून ओरडला. भट्टीवर ओरडायची सवय असलेला गळा तो. खालच्या चार रांगा वळून बघायला लागल्या.

"मार्लोवाल्यांना बटाटा," टेसा म्हणाली, आणि तिने पुडा त्याच्या हातात दिला. मग ती माझ्यावर बसली. डाव संपेपर्यंतच, पण बसली. तिच्या बाहीतलं गवत अजून माझ्यात अडकलेलं आहे.

खालच्या रांगेत रोझान होती. सामना संपल्यावर ती अर्ध्या पायऱ्या चढून आली आणि थांबली.

"गारठा आहे, डॅडी. गुडघे झाकून घ्या."

"घोंगडी मोठी आहे," एमिल म्हणाला.

"माहीत आहे मला." ती क्षणभर उभी राहिली. वाटलं, बसेल. पण गाड्या निघत होत्या, तिला जावं लागलं. सगळं मैदान रिकामं होईपर्यंत एमिल माझ्यावर बसून होता.

त्यानंतर हंगाम संपला. एमिलने मला घरात नेलं नाही, गाडीतच ठेवलं आहे, उलटं, तारा वर करून. मागच्या बुधवारी त्याने पुलापर्यंत गाडी नेली आणि परत फिरवली. त्याच्या आदल्या बुधवारीही तेच केलं.

मित्रांनो, आम्हा घोंगड्यांना जपा. ऊन दाखवा, उसवलं तर शिवा, आणि वर्षातून एकदा उलटून बघा, खाली कोणी काय शिवून ठेवलं आहे. पण एक गोष्ट माझ्याकडून ऐका, कारण मी आयुष्यभर जागा धरायचंच काम केलं. नुसती जागा धरून ठेवल्याने माणूस येत नाही. मी चार वर्षं तीन जागा धरल्या, कोणी आलं नाही. शेवटी ज्याची चूक होती, त्यालाच उठून पलीकडे जावं लागलं.

आज बुधवार आहे. गाडी पुलाच्या तोंडाशी उभी आहे, इंजिन चालू. पुढच्या सीटवर चॉकलेटांची पिशवी आहे. निघताना बर्नीने विचारलं, कुठे निघालास, तर एमिलने सांगितलं, "केस कापायला." त्याच्या डोक्यावर कापण्याजोगा एक केस नाही. बर्नीने टोपीखालच्या टकलाकडे पाहिलं आणि म्हणाला, "छान कापून ये."

गाडी हलली आहे. चाकांखाली पुलाच्या लोखंडी पट्ट्या वाजायला लागल्या आहेत.