हाक दिली होती

ऐन नांगरटीच्या दिवसांत वेल्डरची मान अडकली. उजवीकडं वळेना, डावीकडं वळेना. रानं तापून भेगाळली होती, जमीन अशी कडक झालेली की फाळ टेकवावा तर फाळच वाकायचा, त्यामुळं गावातले अर्धे नांगर वेल्डरच्या पत्र्याच्या शेडपुढं येऊन पडले होते. आणि हा बुवा सकाळपासून स्टुलावर ताठ, फोटो काढायला बसल्यासारखा.

"दिवसातून दोनशे वेळा मान झटकायची," वेल्डरीण तेल चोळता चोळता म्हणाली. "बैलाची मानसुद्धा उतरेल. ते नवं हेल्मेट मिळतंय म्हणतात शहरात, आपोआप काळं होणारं. आणा की एकदाचं."

"आजवर काय अडलंय?"

"मान अडलीय."



त्याचं जुनं हेल्मेट म्हणजे डोक्यावर पालथी घातलेली बादली, आणि तिला डोळ्यांपुढं एक काळी काच. वर असलं की सगळं दिसणार, खाली पाडलं की मिट्ट काळोख. ठिणगी पडेपर्यंत स्वतःचा हातसुद्धा दिसायचा नाही. म्हणून दोघांची पद्धत ठरलेली. वेल्डरीण लोखंडाचे दोन तुकडे जुळवून धरायची. वेल्डर वेल्डिंगची कांडी जागेवर न्यायचा, "मीट!" म्हणून हाक द्यायचा, मान झटकून हेल्मेट खाली पाडायचा आणि कांडी टेकवायचा. तेवढ्यात तिनं डोळे मिटायचे, नाहीतर त्या लखलखाटानं डोळे भाजायचे. तिच्यासाठी दुसरं हेल्मेट कधी आलं नाही. धरणाऱ्याला कशाला पाहिजे? देवानं पापण्या दिल्यात त्या कशाला?

आता वेल्डरीण बहिरी आहे, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. समोरचा पंक्चरवाला तर तिच्याशी असा बोलायचा की रस्त्यावरची कुत्री उठून बसत. "वहिनीऽऽ, पाना देता काऽऽ?" बायका तिच्या तोंडापुढं हात नाचवून बोलायच्या. लग्नकार्यात तिला कोपऱ्यात बसवून द्यायच्या, कारण सांगून सांगून कोण दमणार! तीही हळूहळू बोलणाऱ्याच्या ओठांकडं बघायला शिकली होती. कुणी काही विचारलं की आधी हसायची, मग उत्तर द्यायची. चुकलं तर हसण्यावारी नेता यावं म्हणून.

आणि तिचे कान मुळात ठणठणीत आहेत, हे गावात एकट्या वेल्डरला ठाऊक होतं.

झालं होतं असं. अकरा वर्षांपूर्वी एक गिऱ्हाईक ट्रॉलीचा हूक जोडून घ्यायला आलं होतं. त्या काळी वेल्डरिणीला एक खोड होती. नवऱ्यानं जोड मारला, जोडावरची जळकी खपली झाडली, की ती हातोडीनं त्यावर एक टोला द्यायची आणि कान देऊन ऐकायची. भरलेला जोड खणखणीत वाजतो, आतून पोकळ राहिला तर दबका बोलतो. तिचा कान कधी चुकायचा नाही. त्या दिवशी तिनं हूक वाजवला आणि गिऱ्हाइकासमोरच म्हणाली, "पोकळ आहे. नेऊ नका, वाटेत तुटेल." गिऱ्हाईक खो खो हसलं. "काय वेल्डर, मालक कोण इथं?" वेल्डरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जोड पोकळ होता, ते त्यालाही कळलं होतं, म्हणून तर जास्तच गेली.

पुढचा तुकडा तिनं धरला. त्यानं कांडी नेली, मान झटकली आणि हाक न देता टेकवली.

ती ओरडून मागं पडली. पंक्चरवाला धावत आला, गिऱ्हाईक धावलं, आणि सगळे याच्याकडं बघायला लागले. तेव्हा वेल्डरनं उचलली जीभ लावली टाळ्याला. "मी हाक दिली होती. तिला हल्ली ऐकूच येत नाही."

दोन दिवस ती डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या बांधून भिंतीला टेकून बसली होती. डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतंय म्हणायची. आणि तिसऱ्या दिवशी उठल्यावर तिनं काय विचारावं? "अहो, खरंच मला ऐकू येत नाही का हो?" त्याच वेळी बोलला असता तर गोष्ट तिथंच मिटली असती. पण तो म्हणाला, "होतं असं वयानं." पस्तिशीच्या बाईला! आजार रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात, तसली गत. त्या दिवसापासून तिनं हातोडी वाजवायची सोडून दिली. बहिरीच्या टोल्यावर कोण विश्वास ठेवणार? तिचा स्वतःचाच उरला नव्हता.

वेल्डर काही वाईट माणूस नव्हता. वाईट माणसाला झोप लागते. याला ती गोष्ट अकरा वर्षं घशात अडकलेल्या काट्यासारखी टोचत होती, आणि रोज सांगू म्हणताना रोज एक दिवस जास्त जुनी होत होती.

तर मान थोडी सैल झाल्यावर दोघं बस धरून शहरात गेली. हत्यारांचं दुकान मोठं होतं. दुकानदार पोट सावरत पुढं आला. वेल्डरनं नेहमीच्या सवयीनं सांगून टाकलं, "जरा मोठ्यानं बोला, मंडळींना कमी ऐकू येतं." आणि सांगितल्यावर त्याची जीभ कडू झाली. इथं तर तिला कुणी ओळखतही नव्हतं. इथंही आपण ते ओझं तिच्याबरोबर घेऊन आलो.

दुकानदारानं दोन हेल्मेटं मांडली आणि बेंबीच्या देठापासून ओरडायला लागला. "हेऽऽ साधं! दोन डोळे आहेत याला! हेऽऽ भारी! चार डोळे! एखादा तुमच्या हाताआड गेला तरी बाकीचे ठिणगी बघतात!" मग त्यानं काचेसमोर लायटर पेटवला. हिरवट काच पापणी लवायच्या आत काळी झाली आणि लायटर विझल्यावर पुन्हा हिरवी. बाजूला गुंडी होती, काच किती काळी पाहिजे ते ठरवायला. आतला पट्टा डोक्याच्या मापानं आवळता येत होता.

"घालून तर बघा," दुकानदार म्हणाला. "आता आधी काळोख नाही. काम कुठंय, कांडी कुठंय, समोर कोण उभंय, सगळं दिसतं. मान झटकायचं कामच संपलं."

वेल्डरनं हेल्मेट चढवलं. आत नव्या प्लास्टिकचा वास होता. समोर बायको उभी होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत, त्याच्याकडं बघत. जुन्या काचेतून ती त्याला कधीच दिसली नव्हती. इतकी वर्षं काळोखात कांडी टेकवताना पलीकडं कुणी उभं आहे हे विसरता येत होतं. या काचेत ती सोय नव्हती. त्यानं हेल्मेट घाईघाईनं काढलं.

"दोन द्या," तो म्हणाला. "एक हिच्यासाठी."

"मला कशाला?" वेल्डरीण म्हणाली. "माझ्या पापण्या फुकटच्या आहेत. एकच घ्या, पण भारी घ्या."

दुकानदार मान डोलवत आत वळला आणि कपाटाशी उभ्या असलेल्या नोकराच्या कानाला लागून पुटपुटला. वेल्डरला ओठसुद्धा हललेले दिसले नाहीत. नोकर खोकं घेऊन आला, तशी वेल्डरीण पुढं सरकली.

"हे परत आलेलं नको. कोरं द्या."

दुकानदाराचं तोंड उघडंच राहिलं. "कोण म्हणालं परत आलेलं?"

"तुम्हीच की. 'परवा परत आलेला नग खपव' म्हणालात."

दुकानदारानं वेल्डरकडं बघितलं, वेल्डरनं जमिनीकडं. नोकरानं गुपचूप दुसरं खोकं आणलं.

परतीच्या बसमध्ये वेल्डरीण लहान मुलीसारखी खुलली होती. "अहो, मला ऐकू आलं! तो कुजबुजला तरी ऐकू आलं! आज कान कसे काय उघडले असतील हो?" खिडकीतून गरम धूळ येत होती. "उद्या पुन्हा बंद होतील म्हणा. पण आज आलं." वेल्डर हेल्मेटचं खोकं मांडीवर धरून बसला होता. तिचा आनंद त्याला शिव्यांपेक्षा जास्त लागत होता. दोनदा त्यानं तोंड उघडलं आणि दोनदा ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, असं त्यानं स्वतःला समजावलं. हॉर्न एकदाच वाजला होता.

दुसऱ्या दिवशी उन्हं तापायच्या आत काम सुरू झालं. पहिला नांगर शेजारच्या म्हाताऱ्याचा, दांडा पार तुटलेला. वेल्डरिणीनं तुकडा जुळवून धरला. वेल्डरनं नवं हेल्मेट चढवलं, कांडी जागेवर नेली आणि म्हणाला, "मीट."

हिरव्या काचेतून ती स्वच्छ दिसत होती. तिनं डोळे मिटले नाहीत. टक लावून त्याच्या हनुवटीकडं बघत होती. खांदे आखडलेले, ओठ घट्ट, फटका बसणार हे ठाऊक असलेल्या जनावरासारखी उभी.

"अगं, मीट म्हटलं ना?"

"म्हणालात वाटतं. पण मान कुठं पाडलीत?"

"मान कशाला पाडू? आता मान पाडायची नाही. हाकेवर मीट."

"हाकेवर कशी मिटू?" ती अगदी साधेपणानं म्हणाली. "कानांचा काय भरवसा? मी तुमच्या मानेवरच मिटते. तेव्हापासून."

वेल्डरनं कांडी खाली घेतली. अकरा वर्षं तो हाका देत होता आणि अकरा वर्षं त्यातली एकही हाक तिनं धरली नव्हती. ती रोज दोनशे वेळा त्याच्या मानेकडं अशी बघत उभी राहत होती, आणि ते त्याला कधी दिसलं नव्हतं. काच वर असताना नजर कांडीवर, खाली पडली की काळोख.

त्यानं हेल्मेट काढून खाली ठेवलं.

"तुझ्या कानांना काही झालेलं नाही," तो म्हणाला. "त्या दिवशी मी हाक दिलीच नव्हती."

ती ओठांकडं बघत होती. नीट कळलं नाही असं वाटून हसली. मग हसू हळूहळू उतरलं.

"रागात टेकवली," तो म्हणाला. "हूक पोकळ होता. तू म्हणालीस ते खरं होतं. सगळे जमले तेव्हा भ्यालो आणि तुझ्यावर ढकललं. नंतर सांगायचं धाडस झालं नाही. मला काय बोलायचं ते बोल."

तिनं तुकडा खाली ठेवला. हात पदराला पुसले.  रस्त्यावरून एक बैलगाडी गेली, तिच्या चाकाची कुरकुर दूर वळणापर्यंत ऐकू येत राहिली, आणि ती विरेपर्यंत वेल्डरीण ऐकत होती.

"डोळे दोन दिवसांत बरे झाले होते," ती म्हणाली. "डोळ्यांचं मी माफ केलं असतं. रागात माणूस करतं काहीबाही. पण कान तुम्ही अकरा वर्षं नेलेत. माझी आई शेवटच्या घटकेला काहीतरी म्हणाली होती. सगळे म्हणाले, हिला नाही ऐकू जायचं, म्हणून मी पुढंच झाले नाही."

वेल्डरला हे ठाऊक नव्हतं. तो स्टुलावर बसला, आणि मान अडकलेली नसतानाही त्याला ती वर करता येईना.

वेल्डरिणीनं खुंटीवरची हातोडी काढली. बाहेर जाऊन ओळीनं पडलेल्या नांगरांवर एकेक टोला द्यायला लागली. ठण्ण. ठण्ण. थांबायची, कान द्यायची, पुढं जायची. ठण्ण. तिचे डोळे भरून वाहत होते आणि ती पुसत नव्हती. चौथ्या नांगराशी थबकली. पुन्हा वाजवला.

"हा तुमची मान अडकायच्या आधीचा ना? पोकळ आहे. पुन्हा करा."

एवढ्या आवाजानं समोरचा पंक्चरवाला ट्यूब तशीच टाकून आला. "वहिनीऽऽ! काय झालं होऽऽ? कशाला वाजवताय सकाळी सकाळीऽऽ?"

"हळू बोला, भावजी," वेल्डरीण म्हणाली. "माझे कान चांगले आहेत. ऐकायला कमी यांना येतं."

"कुणाला? याला? कधीपासून?"

"अकरा वर्षं झाली. लाज वाटते म्हणून लपवून ठेवलं होतं. विचारा हवं तर. मोठ्यानं विचारा पण."

पंक्चरवाल्यानं वेल्डरकडं बघितलं. वेल्डरनं बायकोकडं बघितलं. ती हातोडी धरून उभी होती आणि या वेळी त्याच्या मानेकडं नाही, सरळ डोळ्यांत बघत होती. मग आत येऊन तिनं हातोडी काखेत मारली, नवं हेल्मेट उचलून स्वतःच्या डोक्यावर चढवलं आणि पट्टा आवळायला लागली. म्हणजे आता जुनी बादली आणि मान झटकणं आपल्या वाट्याला, हे त्याला न सांगता कळलं.

पंक्चरवाला पुढं आला, वेल्डरच्या कानाशी वाकला आणि छातीत हवा भरून ओरडला, "काय रेऽऽ, खरं काऽऽ? तुला ऐकू येत नाहीऽऽ?"

रस्त्यावरची कुत्री उठून बसली. दोन घरांची दारं उघडली.

वेल्डरनं हात हळूच कानामागं नेला.

"आँ?" तो म्हणाला.