सोळाव्या पायरीवरचा काळा

टीव्हीखालच्या फळीवर एक चपटी काळी पेटी दिसतेय ना, वर बोटभर धूळ असलेली? तो मी. घरात सिनेमा बघता यावा म्हणून जुळवलेला संगणक. बोलायला मला फार उशीर झाला, हे आधीच कबूल करतो.

माझा जन्म याच घरात, जेवणाच्या टेबलावर झाला. घरच्या मुलीने सुटे भाग आणले आणि एका रविवारी मला जुळवायला बसली. तिचे वडील टॉर्च धरून उभे होते.

"इंजिनीअरबाई, एखादा स्क्रू उरला तर चालतो का हो?"

"बाबा, टॉर्च हलवू नका ना!"

"हात माझा नाही हलत, तुझा जीव वर-खाली होतोय."

एकही स्क्रू उरला नाही. मी सुरू झालो तेव्हा दोघांनी टाळ्या वाजवल्या. जन्माला आल्या आल्या कौतुक. मी हुरळून गेलो होतो.

बाबांनी चौतीस वर्षं छापखान्यात मशीन चालवलं होतं. ताजं पान खिडकीशी धरायचं आणि "हा काळा नाही, करडा झालाय" असं म्हणायचं, की अख्खी छपाई थांबायची. त्यापुढे मालकही ब्र काढत नसे. अशा माणसाच्या घरी मी आलो होतो, हे मला फार उशिरा कळलं.

मला जुळवलं होतं ते खरं तर एका चित्रफितीसाठी. मुलगी कॉलेजात असताना तिची आई गेली. आत्याच्या जुन्या कॅमेऱ्यात आईची सात मिनिटांची टेप होती, ती मुलीने माझ्यात उतरवून घेतली. गच्चीवर आई वाळलेल्या चादरी काढतेय. नुकतेच धुतलेले केस पाठीवर मोकळे. मध्येच वळून ती म्हणते, "पुरे हो आता, माझं काय चित्र काढता!"

पहिल्या संध्याकाळी चित्रफीत संपली तरी बाबा हलले नाहीत. मग म्हणाले, "हिचे केस असे नव्हते गं. काळेभोर होते. हे राख फासल्यासारखे दिसतायत."

"टेप जुनी आहे, बाबा."

"आणि तिच्या मागची ती टाकी? तीही काळीकुट्ट होती. सगळ्यावर धुकं पसरलंय."

ते खरं बोलत होते. चूक माझ्या पोटात होती.

काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत एक जिना आहे असं समजा. आम्हा संगणकांचा काळा अगदी तळाशी, शून्यावर उभा असतो. टीव्हीवाल्यांच्या जुन्या रिवाजात तो सोळाव्या पायरीवर असतो. कुठला रिवाज, हे संगणक आणि टीव्ही दोघांनी आधी ठरवून घ्यायचं, एवढंच. मुलीने कुठेतरी वाचून मला टीव्हीचा रिवाज लावून दिला. टीव्हीला वाटलं, संगणक जोडलाय, म्हणजे याचा काळा शून्यावर. मी सोळावर काळा ठेवायचो, तो त्याला करडा समजून दाखवायचा. मी पडलो सांगकाम्या. सांगितलं तेवढं केलं.

मुलीच्या डोळ्यांना धुक्याची सवय झाली. बाबांच्या डोळ्यांना होईना. ते रोज बोलायचे. शेवटी ती त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, "डोळे उत्तम आहेत आजोबांचे."

तेव्हा तरी तिने माझ्याकडे वळायला हवं होतं! तपासायचे ते डोळे तपासून झाले होते, राहिलो होतो फक्त मी. पण मी तिने स्वतःच्या हातांनी जुळवलेला. माझ्यावर तिचा बापापेक्षा जास्त विश्वास. घरी आल्यावर ती मायेनेच म्हणाली, "बाबा, इतकी वर्षं झाली. माणूस आठवणीत रंग भरतो."

बाबांनी मान हलवली. "असेल बाई." त्यानंतर ते काळ्याविषयी एक शब्द बोलले नाहीत. संध्याकाळी माझ्यासमोर बसणंही हळूहळू सुटलं.

दोन वर्षं गेली. खरी अडचण आली तेव्हा बाबा गप्प राहिले. नजरेच्या मधोमध डाग दिसू लागला होता. सरळ ओळ वाकडी दिसायची, समोरच्याचा चेहरा पुसट व्हायचा. सांगितलं तर पुन्हा हसं होईल म्हणून त्यांनी ओठ आवळून धरले. चहा कपाबाहेर सांडायला लागला तेव्हा मुलीच्या लक्षात आलं. या वेळी डॉक्टर म्हणाले, "सहा महिने आधी का नाही आलात?"

त्यानंतर महिन्याभराने आत्या आली. तिच्याकडे चित्रफितीची प्रत पेनड्राइव्हवर होती. तिला माझं काही जमेना, म्हणून तिने तो सरळ टीव्हीलाच लावला.

"अगंबाई, वहिनी इथे किती छान दिसतेय! तुझ्या त्या डब्यात एरवी उन्हात विटल्यासारखी का दिसते?"

मुलगी धावत आली. पडद्यावर केस काळेभोर होते. टाकी काळीकुट्ट होती. ती माझ्यासमोर जमिनीवर बसली, एका मेन्यूतून दुसऱ्यात गेली आणि माझा काळा सोळावरून शून्यावर आणला. झालं. दोन मिनिटांचं काम. धुकं उडून गेलं आणि मी पहिल्यांदा खरा काळा दाखवला.

ती बाबांचा हात धरून त्यांना खुर्चीपर्यंत घेऊन आली. "बाबा, चूक माझी होती. तुम्हाला बरोबर दिसत होतं."

बाबांनी मान थोडी तिरकी केली. आता त्यांना कडेकडेनेच काय ते दिसतं. ज्याच्याकडे बघायला जावं तिथेच डाग.

"केस दिसतायत का तिचे?" त्यांनी विचारलं.

"हो."

"कसे आहेत?"

"काळेभोर," ती म्हणाली.

"मग तू बघ," बाबा म्हणाले, आणि पाठ टेकून आवाज ऐकत बसले. "पुरे हो आता," आई म्हणाली, तेव्हा ते हसले.

आता माझा पंखा घरघरतो. उद्या मला मोडीत काढाल, काढा. पण घरातलं कुणी म्हणालं, "मला हे बरोबर दिसत नाहीये," तर त्याच्या वयाकडे नंतर बघा. आधी माझं झाकण उघडा.