ट्रेविनची पुडी

"अगं देतेस ना? कारखान्याची शिट्टी होईल," डल्सी म्हणाली. तिनं काउंटरवर चिल्लर ठेवली होती आणि दुसऱ्या हातानं कपाळ दाबून धरलं होतं.

नोलाचा हात औषधांच्या फळीपर्यंत गेला आणि तिथंच राहिला. फळीवर पांढऱ्या कागदाच्या पुड्यांचे गठ्ठे रचलेले होते. प्रत्येकीवर निळ्या अक्षरांत एकच नाव. ट्रेविन. नोलाच्या वडिलांचं आडनाव, आणि तिचंही. ऐन मंदीत कुरीकुरी गावच्या कोळशाच्या खाणी बंद पडल्या आणि डॉक्टरकडे जाणं लोकांना परवडेना, तेव्हा विल्फ्रेड ट्रेविननं ही डोकेदुखीची पुडी बनवली होती. ॲस्पिरिन, फेनासेटिन आणि थोडं कॅफीन. जिभेवर टाकायची, वर चहाचा घोट घ्यायचा.

"आज नाही देणार, डल्सी."

"संपल्या?"

"संपल्या नाहीत. तुला नाही देणार."

डल्सी हसली. लहानपणी दोघी एकाच बाकावर बसायच्या. शर्टांच्या कारखान्यात शिलाईच्या मशिनवर बसून डल्सीची पाठ वाकली होती, पण हसू तसंच होतं. "काय गं, रुसलीस? रविवारच्या केकवरून? अगं, मी आमच्या क्लॅरीला म्हटलं होतं तुझ्यासाठी तुकडा ठेव म्हणून. त्यानंच खाल्ला मेल्यानं."

"दिवसाला किती घेतेस?"

"मी काय मोजते? आमच्या रांगेत सगळ्याच घेतात. चहाच्या सुट्टीत बिस्किट आणि पुडी."

गेल्या आठवड्यात न्यूकॅसलला केमिस्टांची बैठक होती. मूत्रपिंडाचे एक डॉक्टर बोलायला आले होते. त्यांनी पडद्यावर फोटो दाखवले. आक्रसलेली, खडबडीत मूत्रपिंडं. सगळी बायकांची. गिरणीतल्या, कारखान्यातल्या, घरातल्या. सगळ्या वर्षानुवर्षं पुड्या घेणाऱ्या. संशय फेनासेटिनवर आहे, असं ते म्हणाले. मागच्या रांगेतून कुणीतरी बोललं होतं, "आम्ही नाही विकलं तर कोपऱ्यावरचा वाणी विकेल. कायद्यानं बंदी कुठे आहे?" सगळे हसले होते. नोलाही अर्धवट हसली होती, आणि त्या दिवसापासून तिला बसवत नव्हतं. उभी राहिली की चालावंसं वाटे, चाललं की थांबावंसं.

तिनं डल्सीला सांगितलं. मूत्रपिंडांचं सांगितलं, आणि हेही की पुडीचा अंमल उतरला की डोकं दुखतं, म्हणून पुन्हा पुडी लागते.

डल्सीनं ऐकून घेतलं. मग चिल्लर गोळा केली. "म्हणजे तुझे बाबा इतकी वर्षं आम्हाला विष विकत होते?"

"माहीत नव्हतं गं कुणाला."

"मला तरी कुठे माहीत आहे? माझं डोकं दुखतंय एवढं माहीत आहे." दारातून ती वळली. "वाण्याकडे दुसऱ्या कंपनीच्या मिळतात. त्याला माझ्या मूत्रपिंडांची काळजी नाही."

दारावरची घंटी वाजत राहिली.

*

विल्फ्रेड मागच्या खोलीत खिडकीशी बसला होता. नजर अधू झाली होती, पण बोटं शाबूत होती. कागद, चमच्याचं टोक, तीन घड्या, चिमटा. सकाळपासून दुपारपर्यंत तो पुड्या बांधायचा. दुकान नोलाच्या नावावर झाल्यापासून हेच एक काम त्यानं स्वतःकडे ठेवलं होतं.

"डल्सी होती का? आवाज चढला होता तिचा."

"बाबा, जरा हात थांबवा."

त्याला सांगायला तिला बराच वेळ लागला. मध्येच ती उठून बाटल्यांची लेबलं सरळ करी, पुन्हा येऊन बसे. तो ऐकत राहिला. शेवटी त्यानं हातातली पुडी तशीच अर्धवट घडीची टेबलावर ठेवली.

"साखर दे तिला," तो म्हणाला.

"काय?"

"दुधाची साखर. कडवटपणाला चिमूटभर क्विनाइन. कागद हाच, नाव हेच. तिला कळणारही नाही. युद्धात माल मिळत नव्हता तेव्हा मी दिल्यात अशा. बायका आशीर्वाद देऊन जायच्या."

"कागदावर एक लिहायचं आणि आत दुसरं भरायचं? मग आपल्यात आणि जत्रेतल्या वैदूत फरक काय, बाबा? तुम्हीच शिकवलंत ना मला?"

"शिकवलं." म्हाताऱ्यानं चष्मा काढला. "आणि कागदावर जे लिहिलंय तेच आत आहे, अन् तेच माणसाला खातंय, तेव्हा? तेव्हा काय करायचं ते मला कुणी शिकवलं नाही, नोला."

दारावरची घंटी वाजली. पुढे गिऱ्हाईक आलं. खोकल्याचं औषध घ्यायला आलेल्या त्या माणसाला तिनं दोनदा विचारलं, काय हवंय म्हणून.

*

पंधरवडा गेला. डल्सी रस्ता ओलांडून पलीकडून जायला लागली. वाण्याच्या दुकानातून बाहेर पडताना ती मुद्दाम पिशवी हलवी, असं नोलाला वाटे.

एका दुपारी नोलानं दुकान लवकर बंद केलं. दुधाची साखर घेतली, क्विनाइन घेतलं, आणि डझनभर पुड्या बांधल्या. बाबांना झोप लागली होती. तिच्या घड्या त्यांच्यासारख्या येत नव्हत्या. दोन पुड्या तिनं पुन्हा बांधल्या.

डल्सीच्या मागच्या अंगणात कोंबड्या उकरत होत्या. दोरीवरच्या चादरीवर कोळशाची बारीक काळी धूळ बसली होती. डल्सी पायरीवर बसली होती, पाय लांब सोडून. घोटे सुजलेले दिसत होते.

तिनं नोलाच्या हातातलं पाकीट पाहिलं आणि तिचा चेहराच उजळला.

"आणल्यास! मला माहीत होतं गं. वाण्याकडची पुडी म्हणजे नुसता खडू. विल्फकाकांच्या हातची कशी, जिभेवर टाकली की कळतं, आपलं माणूस आहे." तिनं हात पुढे केला. "बस ना. चहा टाकते."

नोला बसली नाही. पाकीट दोघींच्या मध्ये होतं, डल्सीची बोटं त्याला लागली होती.

"यात साखर आहे," नोला म्हणाली.

"काय?"

"दुधाची साखर आणि क्विनाइन. औषध नाही."

डल्सीनं बोटं मागे घेतली. कोंबडी पायापाशी आली, तिला तिनं हाकललं नाही.

"म्हणजे तू मला फसवायला आली होतीस."

"हो."

"लहान पोराला फसवतात तसं."

"हो."

"मग सांगितलंस कशाला? मी घेतली असती. कदाचित डोकंही थांबलं असतं." डल्सी उठली, दाराची चौकट धरून. "तुला ना धड खरं बोलता येतं, ना धड खोटं. जा तू, नोला. जा घरी."

परतताना नोलानं पाकीट दोनदा फेकायला काढलं आणि दोनदा पुन्हा खिशात घातलं. घरी आल्यावर पुड्या मोरीत रिकाम्या केल्या आणि नळ बराच वेळ सोडून ठेवला. दुसऱ्या दिवशी फळीवरचे सगळे गठ्ठे तिनं खाली काढले. फेनासेटिनची बरणी बाबांनी स्वतः उचलून तिच्या हातात दिली. त्या दिवसापासून ते खिडकीशी नुसते बसत.

*

मार्च लागला तेव्हा डल्सीचा नवरा क्लॅरी दुकानात आला. खाणीतून तसाच आला होता, डोळ्यांभोवती काळी कडी.

"नोला, तुझी गाडी आहे ना? तिला सकाळपासून उलट्या होतायत. पाय एवढाले झालेत. इथले डॉक्टर म्हणाले न्यूकॅसलला न्या. ती म्हणते, नोलाला विचारू नकोस. म्हणून मी विचारायला आलो."

नोलानं डल्सीला घरून गाडीत घेतलं आणि दुकान बंद करायला समोर थांबली. क्लॅरी तिचे कपडे घ्यायला घरीच थांबला, तो बसनं मागून येणार होता. डल्सी पुढच्या सीटवर डोळे मिटून बसली होती. तेवढ्यात विल्फ्रेड भिंतीला धरत बाहेर आला. ऊन डोळ्यांवर आलं म्हणून त्यानं हात आडवा धरला. गाडीच्या खिडकीशी वाकायला त्याला वेळ लागला.

"डल्सी, पोरी. ती पुडी माझी होती."

डल्सीनं डोळे उघडले. त्याच्या हाताकडे पाहिलं.

"चांगली होती हो काका," ती म्हणाली. "फार चांगली होती."

म्हातारा मान हलवत राहिला. गाडी निघाली तरी तो वाकलेलाच होता.

न्यूकॅसलच्या इस्पितळात पुढे जे सांगितलं, ते नोलाला आधीच ठाऊक होतं. मूत्रपिंडं फारशी उरली नव्हती. पुड्या सुटल्या, आणि डल्सी त्यानंतर दोन उन्हाळे जगली. कारखान्यातल्या काही बायकांनी तिच्याकडे बघून पुड्या सोडल्या, बऱ्याच जणींनी सोडल्या नाहीत. वाण्याकडे त्या मिळतच होत्या. पण नोलाच्या मनात राहिला तो जातानाचा रस्ता.

हेक्सहॅमच्या दलदलीपाशी डल्सी म्हणाली, "थांबव."

नोलानं गाडी कडेला घेतली. डल्सी दार उघडून ओकली. मग मागे टेकून दोन्ही मुठी कपाळावर मारायला लागली.

"फुटतंय गं. काहीतरी दे. केमिस्ट ना तू? पिशवीत काही तरी असेल."

"काही नाही, डल्सी. देण्यासारखं काही नाही."

"खोटं बोलतेस?"

"नाही."

डल्सीनं तिच्याकडे नीट पाहिलं. मग मुठी खाली घेतल्या. नोला उतरली, वळसा घालून तिच्या बाजूला आली आणि रस्त्याकडेच्या गवतात गुडघ्यांवर बसली. दोन्ही अंगठे डल्सीच्या कानशिलांवर ठेवले आणि दाबले.

"अजून," डल्सी म्हणाली.

तिनं जोर लावला.

"तुझे अंगठे दुखतील."

"असू दे."

पलीकडच्या रुळांवरून बंदराकडे जाणारी कोळशाची गाडी आली. डब्यामागून डबा, सगळे भरलेले. जमीन हादरत होती. डल्सीचं डोकं हळूहळू जड होऊन नोलाच्या तळहातांत आलं. गाडी गेली, पाणथळीतले पक्षी परत येऊन बसले, नोलाच्या गुडघ्यांना खडे रुतले होते. तिनं हात काढले नाहीत.