चार मिनिटं आधी वाजलेला भोंगा

मी भोंगा. खाली गॅसचा डबा, वर लाल प्लॅस्टिकचा कर्णा आणि मागे एक बटण, एवढाच माझा देह. मला एकच सूर येतो आणि तोही बेसूर. मी तोंड उघडलं की लोक आधी कानांवर हात ठेवतात. आज मात्र डबा रिकामा आहे, तेव्हा बिनधास्त जवळ बसून ऐका.

खरं तर माझा जन्म बोटींसाठी झाला. सरोवरावर धुकं उतरलं की समोरून येणाऱ्याला ओरडून सांगायचं, 'बाबा रे, सांभाळ, इथे मी आहे.' विल्मर हॉस्टेटलर यांनी मला मासेमारीच्या सामानाच्या दुकानातून उचललं. विल्मर म्हणजे शाळेतले कुस्तीचे निवृत्त मास्तर. त्यांनी मला बोटीत दोनदा वाजवलं आणि दोन्ही वेळा मासे पळाले. मग त्यांची बायको ओपल म्हणाली की हा प्राणी घरात नको, आणि माझी रवानगी शेडमध्ये झाली.

तिथून मला बाहेर काढलं फुटबॉलने. आमच्याकडचा फुटबॉल पायाने कमी आणि खांद्याने जास्त खेळतात. दर फेब्रुवारीत कॉलेजांतले तीनेकशे निवडक खेळाडू आमच्या इंडियानापोलिसला बोलावतात. एप्रिलमध्ये व्यावसायिक संघ फेरीफेरीने त्यातले खेळाडू निवडतात, जितकी आधीची फेरी तितका पैसा जास्त, म्हणून आधी पारख. उंची मोजायची, वजन करायचं, पळवून बघायचं, तळहाताची रुंदीसुद्धा फूटपट्टी लावून बघायची. एवढं करून समाधान होत नाही, मग मुलाखती.

मुलाखती स्टेशनजवळच्या जुन्या हॉटेलात होतात. एकेका संघाला एकेक खोली. पलंग बाहेर, टेबल आत, टेबलामागे सहा-सात जण आणि समोर एक खुर्ची. पंधरा मिनिटं झाली की मी वाजायचं. मी वाजलो की अर्धं वाक्यही अर्धंच टाकून उठायचं, असा तिथला रिवाज. सगळी दारं एकदम उघडायची आणि करड्या कपड्यांतली, छातीवर नंबर लावलेली ती दांडगी पोरं पुढच्या खोलीकडे धावायची. मोठमोठे साहेब माझ्यापुढे गप्प व्हायचे. खोटं कशाला बोलू, मला भारी माज आला होता.

विल्मर हे काम हौसेने करायचे, अकरा वर्षं. नऊ नंबरच्या खोलीसमोर त्यांची खुर्ची, गळ्यात घड्याळ, मांडीवर मी आणि खिशात पेपरमिंटच्या गोळ्या. आत जाण्याआधी ज्याचे हात थरथरत असतील त्याला एक गोळी मिळायची.

हॉटेल जुनं, दारं पातळ. आतलं सगळं ऐकू यायचं. बरेच प्रश्न खेळाचेच असायचे. पण मधूनच कुणीतरी खाकरायचं आणि आवाज बदलायचा. तुला मुलीच आवडतात ना? देवाला मानतोस का? भाऊ तुरुंगात कशासाठी गेला? ते मूल तुझंच कशावरून? साध्या दुकानात नोकरी मागायला आलेल्याला असलं काही विचारलं तर कायद्यापुढे मालकाची धडगत नाही, हे आतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पण ही पोरं तक्रार कुणाकडे करणार? ज्याच्याकडे करायची तोच तर समोर बसलेला.

टेबलामागच्यांचं म्हणणं असं, की पोराला डिवचून बघायला हवं. मैदानात समोरचा आईबहिणीवरून बोलणारच, तेव्हा याचं डोकं ठिकाणावर राहतं का ते कळलं पाहिजे. ऐकायला बरं वाटतं. पण मैदानातला शिव्या देऊन निघून जातो, कागदावर लिहून ठेवत नाही. इथे पोरगा चिडला की शेरा 'तापट', आणि गप्प बसला की शेरा 'दम नाही'. कसंही केलं तरी तोच अडकायचा. मी वर्षानुवर्षं हे ऐकलं आणि वेळ झाली की वाजलो. वेळ सांभाळणं एवढंच आपलं काम, अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली होती. विल्मरनीही घातली होती.

मग लव्हेल स्पायव्ही आला. मिसिसिपीतल्या एका लहानशा गावचा, खांदे दाराएवढे आणि आवाज अगदी मऊ. खोलीबाहेर थांबला असताना विल्मरनी त्याला गोळी दिली आणि घरी कोण कोण असतं ते विचारलं. त्याची आई अर्लीन माशांच्या कारखान्यात बावीस वर्षं मासे साफ करत होती. दिवसभर थंड पाण्यात रबरी बूट घालून उभं राहायचं. गुडघे गेले होते. दुसऱ्या फेरीत तरी माझं नाव आलं पाहिजे, म्हणजे ती बसेल, असं तो म्हणाला. 'बसेल' हा शब्द त्याने असा काही उच्चारला की विल्मरनी त्याला दुसरी गोळी दिली.

तो आत गेला. टेबलाच्या मध्यभागी त्या संघाचा निवडप्रमुख ग्रेडी पेल्फ्री होता. पहिली दहा मिनिटं झकास गेली. अकराव्या मिनिटाला पेल्फ्री खाकरला.

"तुम्ही चार भावंडं आणि आडनावं तीन," तो म्हणाला. "तुझा बाप नक्की कोण, हे तुझ्या आईला तरी माहीत आहे का?"

कुणीतरी नाकातल्या नाकात हसलं. लव्हेलचा आवाज येईना. विल्मरचा हात माझ्याभोवती आवळला गेला. त्यांनी घड्याळाकडे पाहिलंसुद्धा नाही आणि बटण दाबलं.

मी वाजलो. सगळ्या आयुष्यात मी एवढा मोठ्याने कधी वाजलो नव्हतो. मांडीवर बसून वेळ सांगता सांगता मी माझा मूळ धंदाच विसरलो होतो, तो त्या क्षणी आठवला. धोका दिसला की ओरडायचं.

झालं, सगळी दारं उघडली. पोरं गोंधळून बाहेर आली. एकजण तर रडकुंडीला येऊन म्हणत होता की माझं सगळ्यात चांगलं उत्तर आत्ता कुठे सुरू झालं होतं. त्याचंही खरं होतं. तीस खोल्यांतल्या तीस पोरांची चार-चार मिनिटं आम्ही खाल्ली होती. आणि नऊ नंबरमध्ये पेल्फ्री कागदावर लिहीत होता, मोठ्याने म्हणत म्हणत, 'निरुत्तर.' मला तेव्हा कळलं की आम्ही पोराला वाचवलं नाही, उलट त्याचं तोंड बंद केलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण लव्हेल खुर्चीतून उठलाच नाही. अकरा वर्षांत मी वाजल्यावर बसून राहिलेला तो पहिलाच. पेल्फ्रीने त्याला निघायला सांगितलं. त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं.

"सर, भोंगा झाला म्हणजे मुलाखत संपली. घड्याळात अजून चार मिनिटं आहेत. ती आता तुमची नाहीत, माझी आहेत."

दार सताड उघडं होतं, म्हणून मला सगळं दिसत होतं. त्याने दोन्ही हातांनी गुडघे घट्ट धरले होते. आवाज मात्र तोच, मऊ.

"मी चिडतो का ते तुम्हाला बघायचं होतं. चिडलोय, तसं लिहा. माझ्या आईचं नाव अर्लीन स्पायव्ही. आता तुम्ही एकेकाने आपापल्या आईचं नाव सांगा. तिचं नाव घेऊन मग तोच प्रश्न परत विचारा, मी उत्तर देतो."

कुणी कागद चाळू लागलं, कुणी पाण्याचा ग्लास उचलला. पेल्फ्रीचे कान लाल झाले. टेबलाच्या टोकाला संघाचे पिकल्या केसांचे डॉक्टर बसले होते. ते खाली बघत हळूच म्हणाले, "विनिफ्रेड." तो प्रश्न पुन्हा कुणी विचारला नाही. घड्याळात पंधरा मिनिटं पुरी होईपर्यंत लव्हेल तसाच बसून राहिला. मग उठला, 'थँक यू सर' म्हणाला आणि पुढच्या खोलीकडे गेला.

संध्याकाळी तो जिन्यात भेटला. विल्मरनी कबूल केलं, की मीच भोंगा मुद्दाम लवकर वाजवला, तुझं नुकसान केलं. तो हसला. मग त्याने सांगितलं की धाकटी दोघं त्याच्या वारलेल्या मावशीची आणि त्याच्या पाठची एक बहीण शेजारणीची. अर्लीनने तिघांना घरी आणून वाढवलं होतं.

"अरे, मग हेच का नाही सांगितलंस?" विल्मर कळवळून म्हणाले. "त्यांची तोंडं पडली असती."

"सांगितलं असतं तर माझी आई सुटली असती, काका," लव्हेल म्हणाला. "पण माझ्यामागून त्या खुर्चीत कुणी बसेल, आणि त्याच्या आईची गोष्ट अशी छान नसेल, त्याने काय करायचं?"

विल्मरनी खिशातल्या उरलेल्या सगळ्या गोळ्या त्याच्या हातावर ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी विल्मरना आयोजकांचं बोलावणं आलं. माणसं चांगली होती. तुमचं वय झालंय, बोट घसरलं असेल, एवढंच म्हणा आणि विषय मिटवू, असं त्यांनी सुचवलं. विल्मर म्हणाले की बोट घसरलं नाही, ते दाबलं होतं. दुपारच्या जेवणाच्या आत आम्ही दोघं घरी. आता तिथे यंत्राची घंटा वाजते म्हणे, अगदी सेकंदाला. तिला दारामागचं काही ऐकू येत नाही.

एप्रिलमध्ये विल्मर आणि ओपल टीव्हीसमोर बसले. दुसरी फेरी गेली, तिसरी गेली. विल्मर जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी, शनिवारी दुपारी, सहाव्या फेरीत लव्हेल स्पायव्हीचं नाव आलं. घेणारा संघ वेगळाच होता. विल्मर मला घेऊन अंगणात गेले आणि डब्यात होता नव्हता तेवढा गॅस त्यांनी वाजवून संपवला. शेजारचा कुत्रा दोन तास भुंकत होता. ओपल चक्क काही बोलली नाही.

तेव्हापासून मी रिकामा आहे, ओसरीतल्या खिळ्याला टांगलेला. पुढच्या शरद ऋतूत लव्हेलचा संघ इकडे खेळायला आला आणि तो आईला घेऊन घरी आला. अर्लीन ठेंगणी, बोटांवर सुऱ्यांचे जुने वण. रबरी बूट मी स्वतःच्या हाताने कचऱ्यात टाकले, असं तिने येताच सांगितलं आणि ओसरीतल्या सगळ्यात मोठ्या खुर्चीत ऐसपैस बसली. बोलता बोलता तिची नजर माझ्यावर गेली.

"हाच का तो भोंगा?" तिने विचारलं. मग विल्मरकडे वळून म्हणाली, "त्या खोलीत माझ्या पोराला काय विचारलं हो? सहाव्या फेरीपर्यंत कसा मागे पडला? भोंगा लवकर वाजला, एवढंच हा मेला सांगतो, पुढचं काही नाही."

लव्हेल हातातल्या गार चहाच्या ग्लासातला बर्फ बघत राहिला. विल्मरनी माझ्याकडे पाहिलं. वाज म्हटलं असतं तर मी कुठून वाजणार होतो? वाईट प्रश्न असा दारातून बाहेर पडतो आणि महिन्यांनी, ज्याला मुळीच ऐकू जाऊ नये, त्याच्याच तोंडून परत विचारला जातो. विचारणाऱ्यांनो, तोंड उघडण्याआधी एकदा या ओसरीचा विचार करा, एवढंच मागणं आहे.

विल्मरनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"त्यांनी आईचं नाव विचारलं होतं," ते म्हणाले. "त्याने सांगितलं."

"एवढंच ना?" अर्लीन म्हणाली आणि पाय लांब करून खुर्चीत मागे टेकली.