कलबिजीचे ससे आणि थेल्माचा सायलेन्सर

कलबिजीच्या दफनभूमीत सशांनी इतकी बिळं केली, की गावाच्या पहिल्या नगराध्यक्षांचा संगमरवरी दगड कलंडून शेजारच्या मिस ऑलिव्ह टर्पिनच्या दगडावर टेकला. हयातीत ही दोघं एकमेकांचं तोंड बघत नसत. आता येणारा-जाणारा प्रत्येक जण थांबायचा, हसायचा आणि फोटो काढायचा. नगराध्यक्षांच्या पणतीने नगर परिषदेत येऊन रडारड केली, तेव्हा कुठे आमचे साहेब लोक जागे झाले.

मी परिषदेच्या कचेरीत खिडकीवर बसते. गावातली कुठलीही कुरकुर आधी माझ्या कानांवर आदळते आणि मग पुढे सरकते. सशांचं काम थेल्मा ग्रॅडीला द्यायचं ठरलं, ते मीच तिला फोन करून कळवलं. तीन वेळा कळवलं, कारण तिचा डावा कान पार गेलेला आहे आणि उजवाही कुरबुर करतो. आयुष्यभर मेंढ्यांच्या कुरणांवर कोल्हे, रानडुकरं आणि ससे मारत हिंडलेली बाई ती. परवाना पक्का, नेम पक्का. विष घालायची सोय नव्हती, कारण लोक आपली कुत्री फिरवायला दफनभूमीतच नेतात. शिवाय थेल्माचा नवरा अर्न तिथेच वरच्या रांगेत पुरलेला होता, म्हणून तिने काम मनावर घेतलं.

पहिल्या आठवड्यातच ऑब्री पेनहॅलो माझ्या खिडकीशी हजर झाला. दफनभूमीला लागून नवी वसाहत झाली आहे, तिथे शहरातून निवृत्त होऊन आलेली मंडळी राहतात. ऑब्री त्यांचा पुढारी.

"संध्याकाळी मी व्हरांड्यात चहा घेऊन बसतो," तो म्हणाला, "आणि एकदम धाड्! कप हातातून पडता पडता वाचला."

"आधी कुठे राहायचात तुम्ही?"

"विमानतळाच्या मागे. चाळीसेक वर्षं."

"मग तिथे आवाज नव्हता का हो?"

"तो आवाज वेगळा. विमानं लोकांना कुठेतरी घेऊन जातात. हा रानटी आवाज आहे."

परिषदेची बैठक झाली. गोळीबाराचा आवाज कमी होईपर्यंत काम बंद, असा ठराव एकमताने पास झाला. आमच्याकडे एकमत फार चटकन होतं, विशेषतः जेवायची वेळ जवळ आली की.

ठरावाचं पत्र आठवड्याने थेल्माला मिळालं, तशी ती तडक पोलीस चौकीत गेली. मलाही सोबत ओढून नेलं, सार्जंट पुटपुटतो म्हणून. सार्जंट कॉलिन ड्वायर हा तसा भला माणूस. थेल्माच्या धाकट्या बहिणीच्या वर्गात होता.

"बंदुकीला सायलेन्सर बसवला की भागलं ना, कॉलिन? आण एक, लावून टाकते."

"लावून टाकते म्हणे! त्याला वेगळा परवाना लागतो, थेल्मा. कायद्याच्या नजरेत सायलेन्सर म्हणजे बंदुकीपेक्षा भयंकर वस्तू."

"का? त्यातून गोळी सुटते?"

"नाही. पोकळ नळकांडं आहे ते."

"मग?"

"सिनेमे बघत नाहीस का? मारेकरी लोक वापरतात."

"मी सशांना मारणारच आहे," थेल्मा म्हणाली. "ते मी लपवलंय कुठे?"

कॉलिनने नियमांचा जाडजूड गठ्ठा काढला आणि चष्मा पुसला. सायलेन्सर मिळायचा तर खरोखरची गरज दाखवायला हवी. गरज त्याचीच धरली जाते, ज्याचं काम चालू आहे. थेल्माचं काम बंद होतं.

"कशामुळे बंद आहे ते लिही की," थेल्मा म्हणाली.

"ठराव कानावर आला तेव्हाच लिहिलं होतं गं. वरून उत्तर आलं, की काम बंद आहे म्हणजे आवाज होत नाही, आणि आवाज होत नाही म्हणजे सायलेन्सरची गरज नाही."

मी ते थेल्माच्या उजव्या कानात ओरडून सांगितलं.

"म्हणजे आवाज केला म्हणून मला घरी बसवलं, आणि घरी बसलेय म्हणून आवाज बंद करायचं नळकांडं देत नाहीत?"

"तुला लवकर कळलं," कॉलिन म्हणाला. "मला दोनदा वाचावं लागलं."

इकडे सशांना मात्र कुठलाच ठराव लागू नव्हता. दोन महिन्यांत ते वरच्या रांगेपर्यंत पोचले. एका सकाळी थेल्मा माझ्या खिडकीशी आली, तर तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत मातीने भरलेले. अर्नच्या कबरीची एक बाजू खचली होती. ती पहाटेपासून गुडघ्यावर बसून हातांनी माती भरत होती, आणि भरलेली माती परत आत जात होती.

"कुठवर पोकळ झालंय तेच कळत नाही," ती म्हणाली. "मी हात घातला आणि हाताला काहीच लागलं नाही. काढून घेतला गं लगेच."

एरवी ही बाई प्रत्येक गोष्टीवर काहीतरी चावरं बोलते. त्या दिवशी तिने नुसते हात पुढे केले. मी नळाखाली तिचे हात धुवून दिले आणि मग आतल्या साहेबांच्या टेबलावर जाऊन असा काही आवाज चढवला, की माझ्यावरच तक्रार व्हायची.

त्याचा परिणाम म्हणा किंवा नगराध्यक्षांच्या पणतीच्या अश्रूंचा, पण राजधानीहून परवाना कचेरीच्या निरीक्षक बाई आल्या. डेस्पिना कारास त्यांचं नाव. चाचणी घ्यायची ठरली. त्या चाचणीतही मेख होती. सायलेन्सर पोलिसांचा, त्याला हात लावायची थेल्माला परवानगी नाही. तो घेऊन आलेल्या पोलीस शस्त्रागाराच्या माणसाला सशांवर गोळी झाडायची परवानगी नाही. शेवटी त्याने वाळूच्या पेटीवर सायलेन्सर लावून गोळ्या झाडायच्या, थेल्माने आपल्या बंदुकीने बिनसायलेन्सरच्या झाडायच्या, आणि ऑब्रीने व्हरांड्यात बसून आवाज आला की रुमाल हलवायचा, असं ठरलं.

शस्त्रागाराचा माणूस अवजारांच्या पत्र्याच्या खोलीमागे पेटी मांडून बसला होता. वारा पडलेला. मी आणि डेस्पिनाबाई मधोमध उभ्या. तेवढ्यात थेल्माला कुंपणावर एक मॅगपाय पक्षी दिसला. बंदूक अजून रिकामीच होती. वरची दुर्बीण नीट आहे का ते बघायला तिने बंदूक खांद्याला लावली आणि पक्ष्याकडे रोखली.

व्हरांड्यात रुमाल फडफडला.

डेस्पिनाबाईंनी माझ्याकडे बघितलं. थेल्माने बंदूक खाली घेतली, परत वर केली. परत रुमाल. त्याच वेळी पत्र्यामागे वाळूवर खऱ्या गोळ्या सुटत होत्या, पुस्तक मिटल्यासारखा आवाज मला येत होता. ऑब्री शांतपणे चहा पीत होता.

"डोळ्यांनी ऐकतो वाटतं हा माणूस," थेल्मा म्हणाली.

डेस्पिनाबाईंनी हसू दाबायला खोकल्याचं नाटक केलं. परवाना मात्र दिला.

सायलेन्सर आला त्या संध्याकाळी मी मुद्दाम थांबले. थेल्माने सहा ससे टिपले. टप्प, टप्प, एवढंच. झाडावरची पाखरंसुद्धा उडाली नाहीत. मला वाटलं, संपलं एकदाचं.

दुसऱ्या दिवशी खिडकी उघडते न उघडते तोच ऑब्री समोर.

"काल तिथे गोळीबार झाला?"

"झाला की. आवाज आला का तुम्हाला?"

"आला नाही, हीच तर तक्रार आहे! माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर एक बाई बंदूक चालवते आणि मला पत्ता लागत नाही? हे किती धोक्याचं आहे, कल्पना आहे का तुम्हाला?"

पुन्हा बैठक, पुन्हा एकमत. प्रत्येक गोळीआधी नागरिकांना सूचना मिळेल असा मोठा भोंगा वाजवण्यात यावा. आणि वाजवण्यासाठी परिषदेचा एक कर्मचारी हजर राहावा. तो कर्मचारी कोण, हे सांगायला नको. मालवाहू ट्रकचा जुना भोंगा बॅटरीला जोडून माझ्या हातात दिला.

मग काय! संध्याकाळी थेल्मा नेम धरायची, बोटाने खूण करायची, मी बटण दाबायचे. पलीकडच्या टेकडीवरच्या गाई पळायच्या. भोंगा थांबेपर्यंत बिळाबाहेर एक ससा शिल्लक नसायचा. थेल्मा आपली टप्प करून मोकळ्या गवतावर गोळी घालायची, नियमाप्रमाणे. भोंग्याबद्दल मात्र एकही तक्रार आली नाही. ऑब्री म्हणाला, आता कसं सुरक्षित वाटतं.

आठवडाभराने थेल्माने सायलेन्सर कॉलिनच्या टेबलावर नेऊन ठेवला.

"अगं, एवढी खटपट करून मिळवलास," तो कळवळून म्हणाला.

"तुझ्याकडेच ठेव. चौकीत कुणी जास्त बोलायला लागलं तर लाव त्याच्या तोंडाला."

नंतर ती कुठूनशी दोन फेरेट घेऊन आली. मुंगसासारखे लांबुळके, गुलाबी नाकाचे, अंगाला उग्र वास येणारे प्राणी. बिळाच्या एका तोंडातून फेरेट सोडायचा, बाकीच्या तोंडांवर जाळी लावायची. ससे घाबरून बाहेर येतात आणि जाळीत अडकतात. थेल्मा मान पिरगाळते, संपलं. हिवाळाभर आमची दर रविवारी हीच मजा. जाळ्या कमी पडायला लागल्या, तेव्हा मी थेट ऑब्रीचं दार वाजवलं.

"या की मदतीला. नुसतं बसून काय करता?"

तो आधी नाक मुरडत आला. मग एक जाळी धरली. पहिला ससा त्याच्या जाळीत धाडकन आपटला, तेव्हा तो अशी किंकाळी फोडून मागे पडला, की मिस टर्पिनच्या दगडाला धरून उठावं लागलं. थेल्मा इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. त्या दिवसापासून तो नेमाने येतो. सशाचा रस्सा त्याला फार आवडतो, फक्त सोलताना बघत नाही.

परिषदेत आता नवा मुद्दा निघालाय, फेरेटना गळ्यात घंटा बांधावी का. मी तो कागद सगळ्यांत खाली सरकवून ठेवलाय. अर्नच्या कबरीत थेल्माने दोन गाड्या माती भरली आणि वर गवताचं बी टाकलं. उगवलंय बऱ्यापैकी. काल आम्ही तिथेच बसून सँडविच खाल्ले. एक फेरेट बिळात झोपून राहिला होता, तो बाहेर यायची आम्ही वाट बघत होतो.